नातीला ओव्याची धुरी का दिली नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बारशाला आलेल्या प्रत्येकीचा हाच प्रश्न, 'घरात बरणीभर ओवा, आणि पोरीला धुरी नाही?' जणू मी तिच्या वाटणीचं काही लपवून ठेवलंय!

ओव्याशी माझं भांडण नाही. पोट गच्च झालं की चिमूटभर ओवा नि सैंधव चावायचं, वर कोमट पाणी. हे अजून करते. सुनेला ओवा-बाळंतशेपा मीच भाजून दिला. ओव्यात थायमॉल असतं. अमृतधारेत कापराबरोबर पडणारं 'ओव्याचं फूल' म्हणजे तेच. गुण आहेच. पण धुरीत पोराच्या छातीत आधी शिरतो तो धूर.

१९९४ चा श्रावण. मुलगा सव्वीस दिवसांचा, दोन दिवस नाक चोंदलेलं. न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी शेगडीतल्या गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणीची सालं टाकली. खिडकी लावलेली. ओवा तडतडला, धूर उठला, आणि मावशींनी त्याला वर धरून पालथा-उताणा केला. तो खोकला. 'कफ सुटतोय,' सगळ्या म्हणाल्या. दुपारी दूध ओढेना. तिन्हीसांजेला पोट उडायला लागलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, 'धूर दिलात?'

मी म्हटलं, 'नाही.'

सासूबाईंना बोलणी बसू नयेत म्हणून, असं मी कित्येक वर्षं सांगत आले. सासूबाईच पुढे झाल्या. 'दिला. मीच सांगितलं होतं.'

पाच दिवस ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आधीच धरला असेल, धुराने त्यात भर घातली. म्हणजे किती भर? ते कोण मोजणार! सासूबाईंची पाच पोरं धुरीतच वाढली, धडधाकट आहेत. मीही तशीच वाढले. तेव्हाची मी आज समोर आली तर हेच तोंडावर फेकेल, आणि माझ्यापाशी उत्तर नसेल.

आता ओव्याची पुरचुंडी करून पाळण्याच्या दांडीला बांधते, नातीच्या हाताला लागणार नाही अशी. तिने काही होतं का? ठाऊक नाही. वास मला बरा वाटतो.

आणि त्या दिवशी 'मावशी, अजून एक मूठ टाका, सर्दी आहे' म्हणणारी मी होते. सासूबाईंनी ते ऐकलं होतं.