बोट ठरवताना आधी शिडी पाहावी

आमच्या खान्देशात पाणी म्हटले की तापी, गिरणा, पांझरा, हतनूर धरणाचा फुगवटा आणि एप्रिलपासून टँकर. पोहायला शिकतात तेही विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून आणि काठावरून काका ओरडत असताना. अशा मुलखातील सतरा माणसांनी गोव्यात स्वतंत्र बोट करून, समुद्रात स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून चेहरा पाण्यात घालून मासे पाहणे, करायचे आणि त्याच बोटीवर थोरल्या मामेभावाच्या, म्हणजे आमच्या आप्पांच्या निवृत्तीची पार्टीही करायची, असे ठरवले. आप्पांनी सगळी नोकरी भुसावळला रेल्वेत काढली. त्यांची इच्छा एवढीच होती, की समुद्राच्या आतले मासे एकदा जिवंत पाहायचे. पार्टीची इच्छा त्यांच्या मुलांची होती आणि नियोजनही मुलांनीच हाती घेतल्यामुळे पुढे जे झाले ते त्या क्रमाने झाले.

एजंटाने पाठवलेल्या चित्रफितीत निळे-जांभळे दिवे, स्पीकरच्या दोन पेट्या, जाळीवर भाजले जाणारे मासे आणि बोटीच्या टोकाशी नाचणारी तरुण मंडळी होती. चार तास, वीस माणसांपर्यंत, मास्क आणि नळी बोटीवरच मिळेल, जेवण आणि संगीत धरून २५,००० रुपये, निम्मी रक्कम आगाऊ. भाच्यांना एवढ्याने समाधान होते. मला मात्र तीन गोष्टी विचारायच्या होत्या: बोटीवर शौचालय आहे का, सावली किती जणांना पुरेल आणि पाण्यात उतरलेल्या माणसाने पुन्हा वर कसे चढायचे. या तिन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर आले, "मॅडम, फुल एन्जॉय होईल." मी पुन्हा विचारले, तेव्हा त्याने दिव्यांचा आणखी एक फोटो पाठवला. गटात कपड्यांचे रंग, केकवरचा मजकूर आणि बोटीवर शेवभाजी मिळेल का, यावर आठवडाभर खल चालला. शिडीचा विषय मी काढला की कोणीतरी हसणारा चेहरा टाकून तो संपवत असे.

मंगला एक्स्प्रेसची सोय अशी, की जळगावला चढलेला माणूस गाडी न बदलता मडगावला उतरतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळीचे वेफर्स रत्नागिरीच्या आधीच संपले. पहिला दिवस हॉटेल शोधण्यात आणि कोणाला कोणती खोली यावर रुसण्यात गेला, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या दिवशीची वेळ सकाळी आठची ठरली होती आणि ती तशी ठरण्याला कारण होते. थंडी ओसरल्यानंतरच्या महिन्यांत कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर सकाळी समुद्र बराच शांत असतो. दिवस वर आला की जमीन तापते, समुद्रावरची गार हवा किनाऱ्याकडे ओढली जाते आणि दुपारपर्यंत वायव्येचा वारा पाणी उसळवू लागतो. लहान बोटीवर मळमळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने आठ आणि साडेदहा या दोन वेगवेगळ्या सहली आहेत. हे मी आदल्या रात्री जेवताना सांगितले होते, सर्वांनी मानही डोलावली होती. तरीही पोहे, चहा, दुसरा चहा आणि एका भाच्याचा हरवलेला गॉगल यांत दहा वाजले.

बोट मांडवीच्या मुखाजवळून निघाली. उजवीकडे आग्वादचा किल्ला होता. पोर्तुगिजांनी तो १६१२ मध्ये बांधून पुरा केला आणि तिथले जुने दीपगृह १८६४ चे आहे. काबोचे टोक मागे टाकून, जुवारीचे रुंद मुख ओलांडून, मुरगाव बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या अजस्र मालवाहू जहाजांजवळून आम्ही ग्रँड आयलंड या बेटाकडे निघालो. एवढ्या प्रवासात स्पीकर एकदाही थांबला नाही. नदीच्या मुखाशी पाठीवर कुबड असलेले दोन डॉल्फिन वर आले, तेव्हा तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, ती हळू करून हाताने दाखवले, पण आप्पांखेरीज कोणाचेच तिकडे लक्ष नव्हते.

ग्रँड आयलंडच्या आडोशाच्या बाजूला आम्ही पोहोचलो, तेव्हा तिथे आधीच सात-आठ बोटी होत्या. पैसे मोजून बोट स्वतंत्र मिळते, खाडी मिळत नाही, एवढी साधी गोष्ट कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली नसते. प्रत्येक बोटीवर वेगळे गाणे चालू होते. पाणी हिरवट होते. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्या आपला गाळ जवळच समुद्रात आणून टाकतात, त्यामुळे अंदमानच्या छायाचित्रांतल्यासारखे काचेचे पाणी इथे मिळत नाही. दोन-चार मीटरपर्यंत दिसले तरी दिवस चांगला समजावा. ज्यांना ते सहन होणार नाही, त्यांनी गोव्यात स्नॉर्केलिंगचे नाव काढू नये. मला सहन झाले, कारण खडकाच्या कडेला पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे इतक्या जवळून गेले, की त्यांच्या शेपटीचे कापल्यासारखे टोक मला स्पष्ट दिसले.

उतरण्यापूर्वी बोटीवरच्या खलाशी पोराने मास्क वाटले आणि काचेवर आतून थुंका, म्हणजे धुके धरणार नाही, असे सांगितले. निम्म्या मंडळींना ते किळसवाणे वाटले आणि त्या निम्म्यांना पुढे काहीही दिसले नाही. दुसरी अडचण मिशांची होती. मास्कची रबरी कड कातडीला घट्ट चिकटली तरच पाणी आत शिरत नाही आणि आमच्याकडच्या भरघोस मिशा त्या कडेखालून पाण्याला वाट करून देतात. आप्पांच्या नाकात तीन वेळा पाणी गेले. खलाशाने डब्यातून व्हॅसलीन काढून स्वतःच्या बोटाने त्यांच्या मिशीच्या वरच्या ओळीवर जाड थर दिला, तेव्हा कुठे गळती थांबली. मिशी उतरवण्याचा पर्यायही त्याने सुचवला होता. त्यावर आप्पांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यानंतर तो विषय निघाला नाही.

आप्पांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, पाण्यात उतरवण्याचे कोणाच्याच मनात नव्हते. त्यांचे माहेर धुळे तालुक्यातले, गुडघे दुखरे, वजन भरपूर आणि आयुष्यात पोहण्याचा प्रसंग कधीच आलेला नाही. सलवार-कुडत्यावर लाइफ जॅकेट चढवून त्या बाकाच्या कडेला बसल्या होत्या आणि एकटक शिडीकडे पाहत होत्या. "ताई, पानीमा जासू, पन वर कशी येसू?" असे त्यांनी मला विचारले. आठवडाभर एजंटाला लिहून मी जे विचारत होते, ते त्यांनी एका वाक्यात विचारले आणि उत्तर माझ्याजवळही नव्हते. तरीही आप्पा पाण्यातून हात हलवत होते, म्हणून त्या उतरल्या.

खारे पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा माणसाला जास्त उचलून धरते, त्यात जॅकेट; त्यामुळे बुडण्याची भीती दोन मिनिटांत गेली. नळी दातांत धरून तोंडानेच श्वास घ्यायचा, हे जमायला अर्थातच वेळ लागला. खलाशाने रिंग त्यांच्या हातात दिली, त्यांचा चेहरा पाण्यावर टेकवला आणि तो शेजारी तरंगत राहिला. त्यांनी डोके वर काढले ते बऱ्याच वेळाने, नळी काढली आणि एवढेच म्हणाल्या, "कितला मासा शेतस खाले!" मी आता वर चला म्हटले, तर "माले देखू दे ना जराखं" म्हणून पुन्हा चेहरा पाण्यात. पलीकडच्या बोटीवरचा माणूस पावाचे तुकडे टाकून मासे गोळा करत होता आणि आमच्या भाच्यांनीही पाव मागितला. वहिनींना मात्र पावाची गरज पडली नाही, त्यांच्या खाली जे होते ते त्यांना पुरेसे होते.

मग वर चढायची वेळ आली. शिडी अ‍ॅल्युमिनियमची, बोटीच्या बाजूला आकड्यांनी अडकवलेली, दोन पायऱ्यांची होती आणि खालची पायरी पाण्याला जेमतेम टेकत होती. बोट पलीकडे कलली की ती पायरी हातभर वर उचलली जाई. पाण्यात तरंगणाऱ्या माणसाच्या पायाखाली जोर द्यायला काहीच नसते. त्याला गुडघा छातीपर्यंत उचलून त्या पायरीवर ठेवावा लागतो आणि मग केवळ हातांच्या ताकदीवर सगळे शरीर पाण्याबाहेर ओढावे लागते. विशीतल्या भाच्यांना यात काही अवघड वाटले नाही. वहिनींचा गुडघा पायरीपर्यंत पोहोचेना आणि पोहोचला तेव्हा फुगलेल्या जॅकेटचा पुढचा भाग बोटीच्या कडेखाली अडकला. जॅकेट काढू देणे शक्यच नव्हते. वरून दोघांनी खांद्याचे पट्टे ओढले, तर जॅकेट वर सरकले आणि वहिनी खालीच राहिल्या. कोणीतरी मोबाइल काढला. स्पीकरवर गाणे चालूच होते आणि त्या तालावर एक भाचा "जोर लगा के" म्हणत होता, तेव्हा मी त्याच्यावर जितक्या मोठ्याने ओरडले तितक्या मोठ्याने मी वर्गातही कधी ओरडत नाही.

गाणे बंद झाले. तांडेल तोपर्यंत मागे इंजिनाजवळ होता. तो शांतपणे आला, जाड दोराचे एक टोक बोटीच्या खुंटीला बांधले आणि दुसऱ्या टोकाला मोठा फास करून तो पाण्यात खोलवर सोडला. वहिनींनी फासात पाय ठेवला, पण वजन पडताच दोर बोटीच्या तळाखाली सरकला आणि त्या पाठीवर उताण्या झाल्या. मग खलाशाने पाण्यात दोर बोटीला घट्ट चिकटवून धरला, गुडघ्यावर त्यांचा दुसरा पाय घेतला आणि तांडेलाने लाट वर येण्याची वाट पाहिली. बोट आमच्या बाजूला कलली, त्याच क्षणी तिघांनी एकदम उचलले. वहिनी पोटावर, मासळीच्या पाटीसारख्या बोटीत आल्या आणि तशाच पडल्यापडल्या हसू लागल्या. त्यांच्या नडगीवर शिडीच्या कडेने लांब ओरखडा उठला होता. तांडेलाने मीठपाण्याने जखम चांगली होते असे काहीतरी सांगितले. आमच्याकडे बँडेज होते, बोटीवर नव्हते.

चांगल्या शिडीच्या तीन तरी पायऱ्या पाण्याखाली असाव्या लागतात, ती घट्ट बसवलेली असावी लागते आणि माणूस चढत असताना इंजिन बंद असावे लागते. आमच्या तांडेलाने इंजिन बंद ठेवले होते. शेजारच्याने ठेवले नव्हते. आप्पा अजून पाण्यातच होते, तोंड खाली घालून मासे पाहत, आणि ती बोट मागे घेताना त्यांच्यापासून फार अंतरावर नव्हती. नंतर मी विचारले, तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकू आला होता, पण कुठून येतो ते कळत नव्हते, असे ते म्हणाले. यात त्यांची चूक नाही. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि पाण्यात सुमारे दीड हजार. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच वेळी पोहोचतो, त्यामुळे पाण्यात असलेल्या माणसाला दिशा ठरवता येत नाही. म्हणूनच पाण्यात कोणी असेल तेव्हा बोटीवर एक माणूस केवळ नजर ठेवण्यासाठी उभा असावा लागतो. आमच्या बोटीवरचे सगळे त्या वेळी केक उघडत होते.

पार्टीविषयी माझे मत विचाराल, तर ती परतल्यावर हॉटेलच्या गच्चीवर करावी. बीअर पाण्यात उतरण्याआधी उघडली गेली, याचा तांडेलालाही राग आला होता. पिलेल्या दोघांना त्याने उतरू दिले नाही, ते मात्र त्याने ठाम राहून केले आणि त्याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. परतताना वायव्येचा वारा सुटला होता. बोट आदळू लागली, केकचा निम्मा भाग फळीवर गेला, नाचणारे सगळे एकेक करून कडेला जाऊन वाकले. सावली सहा जणांपुरती होती, त्यामुळे पाणी पाहताना ज्यांच्या पाठी वर राहिल्या होत्या त्यांच्या पाठी त्या रात्री टेकल्या नाहीत. शौचालय नव्हतेच. पुरुषांना त्याची फिकीर नव्हती. आम्ही बायकांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता आणि उन्हाने डोके दुखण्याचे कारण तेच होते. जाळीवर भाजलेला मासा उत्तम होता, हे मात्र मान्य करते, आणि शाकाहारी मंडळींसाठी खलाशाने न मागता कांदा-टोमॅटो भाजून दिला.

किनाऱ्यावर एजंट उभा होता. बोट साफ करण्याचे वेगळे ५०० रुपये द्यावे लागतील, असे त्याने उरलेली रक्कम मोजताना सांगितले आणि चार तास पूर्ण झाले आहेत, कारण तुम्ही धक्क्यावर दहाला आलात, असेही सांगितले. बोट सुटायला पावणेअकरा वाजले होते, कारण डिझेल यायचे होते. आप्पांची मिशी अजून व्हॅसलीनने चमकत होती. ते पुढे झाले आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, गाडी सुटते ती वेळ धरतात, प्रवासी फलाटावर येतो ती धरत नाहीत." एजंटाने पैसे परत केले नाहीत, पण सफाईचे ५०० सोडले.