आधी शिट्टी, मग आवाज: ब्लूज हार्मोनिकासाठी अँप शोधताना

ब्लूज हार्मोनिका अँपमधून (अँप्लिफायरमधून) वाजवायची म्हटलं की बाजारात जे दिसतं ते बहुतेक गिटारवाल्यांचं. खास हार्पसाठी (ब्लूजवाले हार्मोनिकाला हार्प म्हणतात) बांधलेले अँप आहेत, पण मोजकेच, आणि विकत घ्यायच्या आधी ते वाजवून बघायला मिळणं कठीण. म्हणून गिटारच्याच अँपमधून आपल्याला चालेल असा एखादा काढायचा, हे मी सुरुवातीलाच ठरवलं. गरज साधी होती. बँडमध्ये ड्रम, बास आणि एक गिटार. त्यांच्यात माझी हार्प ऐकू यावी आणि तिचा आवाज जाडसर, कडेला थोडा फाटलेला यावा.

हा फाटलेला आवाज शिकागोचा. हार्मोनिकावादक लिटल वॉल्टरने मे १९५२ मध्ये ‘ज्यूक’ ध्वनिमुद्रित केलं, ते अमेरिकेच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि माइक हार्पसकट ओंजळीत धरून ट्यूब अँपमधून (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अँपमधून) वाजवणं ही एक स्वतंत्र शैलीच होऊन बसली. त्याच्याकडे नेमका कुठला अँप होता यावर लोक तासन्‌तास भांडतात. मी त्या वादातून लवकर उठलो. त्या आवाजातला मोठा वाटा जिभेचा, घशाचा आणि ओंजळीचा आहे. तो कुठल्याच अँपबरोबर मिळत नाही.

सुरुवात गिटारवाल्या मित्राच्या अँपवर झाली. त्याचा अँप उत्तम, गिटारवर तर लाजवाब. मी माइक लावला, आवाज जरा वाढवला आणि पहिला सूर ओढायच्या आतच अँप कोकलायला लागला. “अरे, गेन वाढव की, आवाज मस्त फाटेल,” मित्र म्हणाला. गेन म्हणजे आत आलेला सिग्नल अँप किती वाढवतो ते. गिटारसाठी हा सल्ला बरोबर आहे. गिटारचा पिकअप तारेचं कंपन घेतो, हवेतला आवाज त्याला फारसा कळत नाही. आपल्या हातात मात्र उघडा माइक असतो. स्पीकरमधून आलेला आवाज तो पुन्हा घेतो, पुन्हा अँपकडे पाठवतो, आणि फेरा सुरू होतो. हाच फीडबॅक, म्हणजे आपली शिट्टी. त्यात ओंजळ म्हणजे एक बंद पोकळी, ती स्वतःच काही सूर उचलून धरते. गेन जितका जास्त तितकी शिट्टी लवकर. गिटारवाले ज्या गुणासाठी पैसे मोजतात तोच आपल्याला नडतो.

मग मी प्रत्येक अँपला एकच परीक्षा लावली. ट्रेबल जवळजवळ शून्यावर, बास अर्ध्याच्या वर, रिव्हर्ब (आवाजाला घुमवणारी सोय) बंद, वरचे सूर उजळवणारा ब्राइट स्विच असेल तर तोही बंद. अँपच्या बाजूला दोन-तीन पावलांवर उभं राहायचं, माइक आणि ए सुराची हार्प ओंजळीत घट्ट धरायची आणि काहीही न वाजवता कुणाला तरी व्हॉल्यूम हळूहळू वाढवायला सांगायचं. जिथे ‘हूंऽऽ’ सुरू होईल तिथे नॉबशेजारच्या चिकटपट्टीवर पेन्सिलीने रेघ. तिथून व्हॉल्यूम थोडा मागे घ्यायचा आणि दोन नंबरच्या भोकातून श्वास ओढत लांब ई धरायचा. बघायचं ते एवढंच की शिट्टीच्या रेघेअलीकडे आवाज फाटायला लागतो का. फाटत असेल तर तो अँप हार्पचा. रेघेपर्यंत नुसताच स्वच्छ, बारीक आवाज देऊन मग एकदम किंचाळत असेल, तर त्याच्यावर नाव कुणाचंही असो, पुढे जायचं. ही परीक्षा स्वतःच्याच माइकवर द्यायची. दुसऱ्याच्या माइकवर रेघ भलतीकडेच पडते.

ट्यूबकडे लक्ष वळलं ते या रेघांमुळेच. बहुतेक गिटार अँपमध्ये पहिली प्रीअँप ट्यूब (सिग्नल सुरुवातीला वाढवणारी) १२एएक्स७ असते, तिचा वर्धनांक, म्हणजे वाढवण्याच्या ताकदीचा आकडा, १००. त्याच खाचेत बसणाऱ्या १२एवाय७ चा ४४ च्या आसपास आणि १२एयू७ चा साधारण २०. जुन्या ट्वीड फेंडरच्या (फेंडर कंपनीच्या, ट्वीड कापडाने मढवलेल्या अँपच्या) बऱ्याच सर्किटमध्ये, हार्पवाले ज्याला देव मानतात त्या ५एफ६-ए सर्किटच्या बासमन अँपमध्येसुद्धा, पहिल्या जागी मुळात १२एवाय७ च होती. नंतर गिटारला जास्त गेन हवा म्हणून लोकांनी तिथे १२एएक्स७ बसवल्या. एका अँपवर १२एएक्स७ काढून पुन्हा १२एवाय७ लावून पाहिली आणि पेन्सिलीची रेघ चांगली पुढे सरकली. १२एयू७ ने ती आणखी पुढे गेली, पण माझ्या कानाला आवाज झोपल्यासारखा वाटला. प्रीअँप ट्यूब बदलताना बायस (ट्यूबमधला प्रवाह जुळवणं) लावावा लागत नाही, अँप बंद करून गार होऊ द्यायचा आणि मागून ट्यूब काढायची. चॅसी (सर्किटची धातूची पेटी) उघडायच्या भानगडीत मात्र पडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकं व्होल्टेज राहू शकतं.

वॅटचा हिशोब मला वाटला होता त्याहून सोपा निघाला. फेंडरच्या छोट्या चँपच्या धर्तीवरचा ५ वॅटचा, एका ६व्ही६ पॉवर ट्यूबचा अँप खोलीत इतका गोड फाटतो की तिथेच थांबावंसं वाटतं. ड्रमवाल्याने काठ्या उचलल्या की तो गायब. पण दहापट वॅट म्हणजे दहापट मोठा आवाज नव्हे. ५ वरून ५० वॅटवर गेलं तर वाढ १० डेसिबलची, म्हणजे कानाला साधारण दुप्पट. त्यातही शिट्टी आधीच अडवणार असेल तर वरचे वॅट पडूनच राहतात. बासमनच्या सुमारे ४० वॅटचा आणि चार दहा इंची स्पीकरचा आवाज ऐकला की मन हलतं, हे कबूल. तो उचलून गाडीत ठेवला की पाठही हलते.

स्पीकरबाबत माझं मत पक्कं झालं आहे, कुणाला पटो न पटो. एका मोठ्या बारा इंचीपेक्षा दोन दहा इंची बरे. माझ्या कानाला त्यांच्यात हार्पचा मधला भाग लवकर पुढे येतो आणि खालचा घुमारा आटोक्यात राहतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो माइक आणि जॅकच्या जुळणीने. माझ्याकडे दोन बुलेट माइक (ओंजळीत मावणारे, गोळीच्या आकाराचे) आहेत: एक जुना क्रिस्टलचा अॅस्टॅटिक जेटी-३०, दुसरा मॅग्नेटिक एलिमेंटचा शुअर ग्रीन बुलेट. एका अँपवर जेटी-३० अगदी किनरा वाजत होता, बास पूर्ण वाढवूनही पोट भरेना. क्रिस्टल म्हाताराच झाला असेल असं सगळे म्हणाले. तशी शंका रास्तही होती, कारण रोशेल सॉल्टचे हे एलिमेंट उष्णतेने आणि दमटपणाने खरंच मरतात. पण तोच माइक दुसऱ्या अँपवर भरदार बोलत होता. फरक होता जॅकचा. शिट्टी कमी व्हावी म्हणून मी त्या अँपच्या दोन नंबरच्या, म्हणजे कमी संवेदनशील जॅकमध्ये वायर घातली होती. जुन्या फेंडर पद्धतीच्या अँपमध्ये एक नंबरच्या जॅकचा इनपुट इम्पीडन्स (माइकच्या सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) १ मेगओहम असतो, दोन नंबरचा एकटा वापरला तर फक्त १३६ किलोओहम, आणि सिग्नलही निम्मा होतो. मॅग्नेटिक माइकला ते चालून जातं. क्रिस्टलला मात्र खालचे सूर टिकायला ५ मेगओहमच्या आसपास लागतात. १ मेगवर तो आधीच थोडा उपाशी असतो, १३६ किलोवर त्याचा आवाजच बसतो. वायर एक नंबरमध्ये घातली, माइकवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवला, प्रश्न संपला. साधा गाण्याचा लो-इम्पीडन्स माइक असेल तर त्याला मध्ये जुळणी करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, नुसती वायर बदलून भागत नाही.

मॉडेलिंग अँपही पाहिले, म्हणजे दुसऱ्या अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारे. हलके, आणि एखादा ट्वीड आवाज निवडून गेन पार खाली आणला तर वाईट नाहीत. त्यातला नॉइज गेट (अगदी हळू आवाज बंद करणारी सोय) मात्र आधी बंद करा. सूर संपताना हार्पवाला जी हळू शेपटी सोडतो ती तो कापून टाकतो.

शेवटी घेतला तो ट्वीड डिलक्सच्या ५ई३ सर्किटवर कुणीतरी हाताने बांधलेला, वापरलेला अँप. दोन ६व्ही६, साधारण १२ ते १५ वॅट, रेक्टिफायरही (एसीचा डीसी करणारा भाग) ट्यूबचा. मूळ सर्किटमध्ये एक बारा इंची स्पीकर असतो. बांधणाऱ्याने इथे १६ ओहमचे दोन दहा इंची समांतर जोडून ८ ओहमचा मेळ घातला होता. पहिल्या जागी १२एएक्स७ होती, ती काढून १२एवाय७ बसवली. जोरात सूर ओढला की आवाज आधी किंचित दबतो आणि मग फुलतो, आणि ओंजळ सैल केली की लगेच साफ होतो. रेघेच्या बऱ्याच अलीकडे तो फाटायला लागतो. मला हवं होतं ते हेच.

मोठ्या जागेत तो एकटा पुरत नाही. तिथे त्याच्यासमोर साधा एसएम५७ माइक लावून आवाज पीएमध्ये (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरमध्ये) देतो. अँप माझ्या बाजूला, तोंड प्रेक्षकांकडे. साउंडवाल्याला एवढंच आधी सांगून ठेवतो की माझ्या मॉनिटरमध्ये (मंचावर माझ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) गाणं दे, बास दे, हार्प देऊ नको. तो हमखास थोडी देतोच, आणि पहिल्याच गाण्यात शिट्टी वाजली की काढतो.