मुंबई ते नागपूर : आकाशातले अंतर आणि घड्याळातला वेळ

माझे माहेर नागपूरचे आणि संसार मुंबईत, त्यामुळे या दोन शहरांमधले अंतर मी वर्षानुवर्षे मनात मोजत आले आहे. रेल्वेने ते सुमारे 837 किलोमीटर भरते, तर आकाशातून सरळ रेषेत जेमतेम 690. ताशी 800 किलोमीटरच्या आसपास वेग गाठणाऱ्या विमानाला एवढ्यासाठी तासभरही लागू नये, असे मला पूर्वी वाटे. तिकिटावर मात्र साधारण दीड तास लिहिलेला असतो.

याचे कारण असे की, तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो आणि त्यात धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल, रांगेतली प्रतीक्षा, चढण आणि उतरण हे सारेच येते. शिवाय मुंबईत विमाने बहुधा पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने उडतात, कारण उड्डाण वाऱ्याला सामोरे जाऊन करायचे असते. म्हणजे पूर्वेच्या नागपूरला निघालेले विमान आधी अरबी समुद्रावर जाऊन मग वळते. ते वळण मला फार प्रिय आहे. हिवाळ्यात उंचावरचे पश्चिमी वारे जाताना पाठीशी असतात आणि परतताना समोरून येतात, म्हणून परतीला काही मिनिटे जास्त लागू शकतात.

नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा साधारण 25 मिनिटे आधी मावळतो. त्यामुळे मुंबईहून उन्हात निघालेली मी माहेरच्या अंगणात पोहोचते, तेव्हा आईने तुळशीपाशी दिवा लावलेला असतो.