क्रूझचं बुकिंग आणि आईची १ जून

सिंगापूरच्या क्रूझचं पॅकेज घेतलं, पैसे भरले, की एजंट व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ टाकतो आणि म्हणतो, “झालं काका, आता फक्त बॅगा भरा.” झालेलं काही नसतं. त्या कागदानं बोटीवर झोपायला जागा मिळते, एवढंच. रात्रीचं जेवण कोणत्या पंगतीला, कुठला शो कुठल्या रात्री, पैसे मोजून एखाद्या खास रेस्टॉरंटमध्ये खायचं असेल तर ते कधी, हे सगळं कंपनीच्या ॲपवर आपण वेगळं धरायचं असतं. शो फुकट असतात, पण खुर्च्या मोजक्या. आधी धरेल त्याची खुर्ची. आमच्या एजंटनं यातलं अवाक्षर काढलं नाही. दाजींच्या ऑफिसातला एकजण जाऊन आला होता, त्यानं सांगितलं म्हणून कळलं.

आम्ही तीन केबिनवाले. एकात मी आणि बायको, एकात ताई-दाजी आणि भाचा, एकात आई आणि माझी लेक. दिवाळीची सुट्टी. पासपोर्ट, व्हिसा, डॉलर यांत काही अडलं नाही, त्यामुळे ते सोडून देतो.

आधी जेवणाचं. मोठ्या डायनिंग हॉलमधलं जेवण पॅकेजात धरलेलंच असतं, फक्त वेळ निवडायची. पहिली पंगत साधारण साडेपाच-सहाची, दुसरी आठ-साडेआठची. काही बोटींवर तिसरा पर्याय असतो, रोज हवी ती वेळ धरण्याचा. एजंटनं आम्हाला न विचारता पहिली पंगत टाकली होती. संध्याकाळी साडेपाचला नाशिकमध्ये माणूस चहा पितो. त्यात सिंगापूर आपल्या अडीच तास पुढं, म्हणजे पोटाच्या घड्याळात तेव्हा दुपारचे तीन वाजलेले. दाजी म्हणाले, तीनला मी रोज झोपलेलो असतो. दुसरी पंगत मागितली आणि मिळाली. वेळेत मागितली तर मिळते. बोटीवर चढल्यावर हेड वेटरच्या टेबलापाशी जी रांग लागते, ती सगळी पंगत बदलून मागणाऱ्यांची असते.

पंगत ठरल्याशिवाय शो धरू नका. मोठ्या थिएटरचा कार्यक्रम बहुधा एका रात्री दोनदा होतो, त्यामुळे जेवणाशी टक्कर न होणारा खेळ घेता येतो. बर्फावरच्या स्केटिंगचं तसं नाही. रिंकभोवती खुर्च्याच थोड्या, तो सगळ्यांत आधी भरतो. पहिल्यांदा तोच धरायचा, थिएटर नंतर.

आणि इथंच आम्ही अडकलो.

तिन्ही केबिनचे बुकिंग नंबर वेगळे. एकाच्या फोनवरून सगळ्यांसाठी शेजारच्या खुर्च्या हव्या असतील तर ॲपमध्ये सगळ्यांना जोडून घ्यावं लागतं. बुकिंग नंबर, आडनाव, जन्मतारीख आणि बोट सुटायची तारीख टाकायची, की माणूस जोडला जातो. ताई जोडली गेली, दाजी, भाचा, लेक, सगळे जोडले गेले. आई जोडली जाईना. ‘या माहितीशी जुळणारं बुकिंग सापडलं नाही.’ आडनाव तपासलं, नंबर तपासला, ॲप काढून पुन्हा टाकलं. लेकीनं तिच्या फोनवरून करून पाहिलं. तेच.

एजंटला फोन केला. शरणपूर रोडला त्याचं ऑफिस आहे, तिथला मुलगा तसा गोड बोलतो. म्हणाला, “काका, टेन्शन नका घेऊ, सिनिअर सिटिझनचं कधीकधी होतं असं. बोटीवर होऊन जाईल.” ‘बोटीवर होऊन जाईल’ हे वाक्य त्या मुलाच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी बायको घरात कुठल्याही कामाला तेच उत्तर द्यायला लागली.

आईची कागदोपत्री जन्मतारीख १ जून. खरी तिलाही माहीत नाही, श्रावणातली, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, एवढंच आजी सांगायची. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, तीच दाखल्यावर, तीच पासपोर्टवर. त्या पिढीत निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय. पीडीएफवरही आईच्या नावापुढं ०१/०६ आणि साल, अगदी बरोबर. मग ॲपला काय धाड भरली?

मी अंबडला एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. आमचा माल अमेरिकेला जातो, आणि तिकडं तारीख लिहिताना आधी महिना, मग दिवस. म्हणून आमच्याकडं दंडकच आहे, कागदावर महिना आकड्यात लिहायचाच नाही, अक्षरांत लिहायचा. रात्री पडल्या पडल्या डोक्यात आलं, क्रूझवाले अमेरिकन, त्यांचा पीडीएफही अमेरिकन! त्या पीडीएफवरच्या दुसऱ्या तारखा बघितल्या. ताईचा १४ तारखेचा वाढदिवस, तिथं महिना आधी आणि १४ नंतर छापलेलं. म्हणजे आईच्या ०१/०६ चा अर्थ १ जून नव्हता, ६ जानेवारी होता. ॲपमध्ये ६ जानेवारी टाकून बघितलं. आई लगेच जोडली गेली.

झालं असं होतं. एजंटच्या मुलानं सगळ्यांच्या तारखा आपल्या सवयीनं दिवस आधी अशा भरल्या. ज्यांचा दिवस बाराच्या पुढं, त्यांच्या तारखा संगणकानं घेतल्याच नाहीत, कारण चौदावा महिना नसतो. त्या त्यानं उलटवून भरल्या. आईची तारीख मात्र मुकाट्यानं आत गेली. कागदावर आपल्या डोळ्यांना ती बरोबर दिसते, हीच त्यातली मेख.

आईला सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे मी संक्रांतीच्या तोंडावर झाले होय? तिळगूळ तरी द्यायचास.”

ॲपमध्ये चुकीच्या तारखेनं का होईना, आई दिसायला लागली होती, म्हणून मी आधी सगळ्यांसाठी बर्फावरचा शो धरला. पण ऑनलाइन चेक-इनला पासपोर्टचा फोटो काढून चढवावा लागतो आणि तिथं पासपोर्टची तारीख बुकिंगशी जुळेना. चेक-इन झालं नाही तर बोर्डिंगचा पास नाही. लेकीचं झालं, तिच्याच केबिनमधल्या आजीचं नाही.

क्रूझ कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बाई म्हणाल्या, बुकिंग एजंटमार्फत आहे, बदल एजंटच करू शकतो. एजंट म्हणाला, आम्ही मुंबईच्या मोठ्या एजंटकडून घेतलंय, त्यांना मेल टाकतो. मुंबईचा माणूस म्हणाला, ग्रुप बुकिंग आहे, कंपनीला कळवलंय. कंपनी म्हणाली, आमच्याकडं काही आलेलं नाही. या चौघांत मी एकटाच असा, की ज्याला प्रत्येक फोनला आईचं नाव, नंबर आणि ‘एक जून, सहा जानेवारी नाही’ हे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचं. गौरी-गणपती आले आणि गेले. ॲपमध्ये रोज बघायचो, आई जानेवारीतच.

शेवटी एकदा मुंबईहून खरोखर दुरुस्ती झाली. नवा पीडीएफ आला, त्यावर ०६/०१. मी ऑफिसात होतो, बघितला नव्हता. शरणपूर रोडच्या त्या हुशार मुलानं बघितला, दचकला आणि ‘आता तारीख चुकलीय’ म्हणून मुंबईला कळवून ती परत ०१/०६ करवून घेतली. वर मला फोन, “काका, त्यांनी उलटं केलं होतं, मी नीट करून घेतलं. तुम्ही निश्चिंत राहा.”

त्या दिवशी मी हाफ डे टाकून त्याच्या ऑफिसात जाऊन बसलो. उठणार नाही म्हटलं. चहा आला, तो घेतला. मग त्याच्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘१ जून. महिना: जून. दिवस: १. कागदावर ०६/०१ असंच दिसलं पाहिजे.’ त्याखाली पासपोर्टच्या पानाची झेरॉक्स. त्याचा फोटो काढून माझ्यासमोर मुंबईला पाठवायला लावला, आणि तिकडच्या माणसाला स्पीकरवर घेऊन वाचून दाखवायला लावला. तो मुलगा वाचताना एकदा चाचरलाच, ‘सहा एक’ म्हणाला. मी म्हटलं, “जून म्हण.” तेव्हा कुठं ते काम झालं. दुसऱ्या दिवशी ॲपनं आईचा पासपोर्ट मुकाट घेतला. मी डब्बा खाताखाताच चेक-इन उरकलं, आणि खरं सांगतो, महिन्याचं डिस्पॅच टार्गेट पूर्ण झाल्यावरही इतकं बरं वाटत नाही.

पण तारीख बदलल्यावर ॲपच्या लेखी आई नवीनच प्रवासी. तिच्या नावावर धरलेला शो गायब. बाकी सगळ्यांच्या खुर्च्या शाबूत, तिची नाही, आणि तो खेळ तोवर भरलेला. म्हणून सांगतो, नाव, तारीख, पासपोर्ट नंबर, काहीही बदलून घेतलंत तर त्यानंतर लगेच सगळी आरक्षणं पुन्हा उघडून बघा. एजंटला विचारू नका, स्वतःच्या डोळ्यांनी ॲप बघा. आणि पैसे भरायच्या आधीच सगळ्यांचे तपशील महिना अक्षरांत लिहून द्या. घरात १ जूनवाले असतील तर नक्कीच, पण कुणाचाही दिवस बाराच्या आत असेल तरी.

एक राहिलं, पैसे देऊन खायच्या जागांचं. लेकीला आणि भाच्याला जपानी तव्यासमोर बसून खायचं होतं. हे आधी ॲपवर धरलं तर बहुतेक वेळा बोटीवरच्यापेक्षा स्वस्त पडतं, मात्र दिसतो त्या आकड्यावर सेवाशुल्क चढतं, अमेरिकन कंपन्यांत साधारण १८ टक्क्यांच्या घरात. पैसे डॉलरमध्ये कापले जातात. कार्ड चालेना तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळं १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती सोय आपणच चालू करायची. काम झालं की परत बंद करा, कारण परदेशी दुकानदार ओटीपी न विचारताही पैसे कापू शकतो.

आणि सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्यासाठी ऑनलाइन भरायचा फॉर्म. ते पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि फुकट असतं. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

निघालो त्या दिवशी इगतपुरीहून समृद्धीवर चढलो आणि आमण्याला उतरेपर्यंत घाट आला-गेला कळलं नाही. वाचलेला वेळ भिवंडी-ठाण्यानं व्याजासकट वसूल केला. सिंगापूरला मरिना बेच्या क्रूझ टर्मिनलवर आईचा पासपोर्ट मशीनवर ठेवला तेव्हा माझा श्वास अडकला होता. काही झालं नाही. तिकडच्या मुलीनं हसून ‘वेलकम’ म्हटलं, आईनं तिला नमस्कार केला.

शोचं म्हणाल तर आईला आम्ही शेवटी आत नेलंच. ज्यांच्याकडं आरक्षण नाही त्यांची वेगळी रांग असते. खेळ सुरू व्हायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी, धरून ठेवूनही न आलेल्यांच्या खुर्च्या त्या रांगेला सोडतात. म्हणजे ज्यांनी धरलंय त्यांनीही वेळेवर पोचायला हवं, नाहीतर खुर्ची गेली. माझी खुर्ची मी आईला देऊन रांगेत उभा राहिलो आणि मलाही मिळाली, अगदी वरच्या कोपऱ्यात. बोट थायलंडमधल्या फुकेतला थांबते, त्या संध्याकाळी मात्र लवकरचा शो धरू नका. तिथं मोठी बोट बहुधा किनाऱ्यापासून लांब नांगर टाकते, येणंजाणं छोट्या बोटींनी, आणि परतीच्या बोटीसाठी लांबलचक रांग. शिवाय फोनचं घड्याळ किनाऱ्यावर आपोआप एक तास मागं जातं. शो आणि जेवण बोटीच्या वेळेनं चालतं, फोनच्या नाही. फोनची आपोआप वेळ बदलणारी सोय बंद करून टाका, किंवा साधं मनगटी घड्याळ लावा.

आईच्या जेवणाचं शेवटी सांगतो. दिवाळी म्हणजे चातुर्मास संपलेला नसतो. कांदेनवमीनंतर ती कांदा-लसूण शिवत नाही. बुकिंगमध्ये ‘कांदा-लसणाशिवाय’ असा पर्याय नव्हता, म्हणून ‘जैन’ टाकलं. पहिल्या रात्री तिच्यापुढं डाळ, भात, पनीर आलं, आमच्या ताटातली जिरं घातलेली बटाट्याची भाजी तिला नाही. जैन म्हणजे कंदमुळंही बाद. आई वेटरकडं बघून मला म्हणाली, “कांद्याचं समजलं, पण बटाट्यानं यांचं काय घोडं मारलंय?” हेड वेटर भारतीय होता, त्याला बोलावून समजावलं. तो म्हणाला, मॅडमनी उद्याचं आज रात्रीच सांगून ठेवायचं, किचनला आदल्या दिवशी कळलं की हवं तसं करून देतात. मग रोज जेवण झालं की तो वही घेऊन यायचा आणि आई त्याला दुसऱ्या दिवशीची भाजी सांगायची. तुमच्याकडं कुणी पथ्याचं असेल तर पहिल्याच रात्री हेड वेटरला गाठा. ॲपवर काय भरलंय त्यावर जाऊ नका.