राज्य कोणतं?

हरतालिका, रात्री साडेदहा

थोरला आज दुपारच्या एस.टी.नं आला. तिकडं महाराष्ट्रातलं त्याचं कॉलेज सुरू होऊन वीस दिवस झाले असतील. स्टँडवर आणायला गेलो, तर आधी ओळखलाच नाही. केस पार बारीक केलेले, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं, आणि या उकाड्यात पूर्ण बाह्या. ‘काय रे, एवढे बारीक केस?’ म्हटलं, तर ‘तिथं सगळ्यांनीच केलेत’ एवढंच म्हणाला.

घरात पाऊल टाकलं तशी आज्जीनं गालावरून हात फिरवला. ‘वाळलास की रे. तिथं नीट जेवालैस न्हवं?’

‘हो आजी, जेवतोय.’

आमच्या बेळगावात, अनगोळला, आज्जी म्हणतात, आणि जेवालोय म्हणतात. हा पोरगा अठरा वर्षं तेच बोलत आला. आज्जीला गंमत वाटली. ‘पुण्यासारखं बोलाय शिकलास की,’ म्हणून ती हसली. तो हसला नाही.

संध्याकाळी मखराचं काम चाललं होतं, तेवढ्यात त्याचा मामा आला. मामा समोर येऊन उभा राहिला तसा हा उठला, हात पाठीमागं घेतले आणि मान खाली घातली. मामा विचारतोय आणि हा उत्तरं देतोय, पण नजर स्वतःच्या छातीवर. मला वाटलं शर्टाला काही लागलंय. डाग नव्हता. नजर बटणावर होती.

हिचा उपास आहे, पहाटेपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही. तिला आत्ता काही बोललो नाही.

ऋषिपंचमी

उद्यमबागच्या कारखान्यांना सुट्टीच होती. वर्कशॉप उघडून लेथखालचा लोखंडाचा बुरा काढून घेऊ म्हणून त्याला बरोबर नेलं. घरात सतरा माणसं, तिथं तो बोलला नसता. आकड्यानं बुरा ओढताना माणसाची पाठ समोरच्याकडं राहते. तो तसाच पाठ करून बोलत राहिला. मध्ये एकदा बुऱ्याची लांब गुंडाळी ओढताना बोट कापलं, रक्त आलं. ते त्यानं चड्डीला पुसलं आणि पुढचं सांगायला लागला.

पहिल्या दिवशीच्या ओरिएंटेशनला मी स्वतः हॉलमध्ये होतो. आई-बापांना पुढच्या खुर्च्या दिल्या होत्या. पडद्यावर रॅगिंगविरोधी नियम दाखवले, पोरांना उभं करून शपथ दिली, चहा-बिस्किटं झाली. मी निर्धास्त होऊन संध्याकाळची गाडी धरली. मी संकेश्वरला पोचलो असेन नसेन, तोवर इकडं हॉस्टेलच्या गच्चीवर दुसरं ओरिएंटेशन सुरू झालं होतं. सिनियर पोरं त्यालाही ओरिएंटेशनच म्हणतात. रात्री साडेनऊला वर जायचं, मोबाइल खाली ठेवून. नजर आपल्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची. सिनियरच्या तोंडाकडं बघितलं तर शिक्षा. मग ‘इंट्रो’. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, राज्य, सगळं एका दमात आणि शुद्ध मराठीत. अडखळलं की पहिल्यापासून. काहींना शर्ट काढून बनियनवर नाचायला लावलं आणि सिनियरांनी त्याचे व्हिडीओ काढले. आईवरच्या शिव्या एका सुरात म्हणायला लावल्या. हे सांगताना तो थांबला आणि म्हणाला, ‘हे आईला सांगू नका.’

त्याची गाडी शेवटच्या शब्दावर अडकली.

‘राज्य कोणतं?’

कर्नाटक म्हटलं, की ‘मग इथं आमच्या सीटवर कशाला आलास कानड्या, जा परत.’ महाराष्ट्र म्हटलं, की ‘खोटं बोलतो, नकाशा बघितला नाहीस काय?’ दोन्ही उत्तरांना तीच शिक्षा. उठाबशा, आणि पुन्हा पहिल्यापासून. मग कुणीतरी ‘काय करालैस, कुठं जालैस’ असं त्याचं बोलणं काढून दाखवायचं आणि बाकीच्यांनी हसायचं. पहिल्या रात्री हे एक वाजेपर्यंत चाललं. पुढं आठवड्यातून तीनदा.

मी लेथचा कठडा धरून उभा होतो. मला त्या पोरांना विचारायचंय, तुम्ही कुणाला काय विचारलंत ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का? 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं, त्या दिवसापासून आमच्या घरात हा प्रश्न आहे. माझे वडील 1986 च्या सीमा आंदोलनात हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आले. हा भाग मागायला महाराष्ट्र सरकार 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं, तो दावा अजून उभा आहे. माझा पोरगा जन्मला त्याच्या आधीपासून जो प्रश्न देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टासमोर पडून आहे, त्याचं उत्तर त्यानं रात्री बारा वाजता गच्चीवर, हात पाठीमागं बांधून द्यायचं?

त्याची सीटही सीमाभागाची आहे. महाराष्ट्र ज्या 865 गावांवर हक्क सांगतो, तिथल्या मराठी मुलांना तिकडच्या प्रवेशात सोय आहे. दोन दाखले लागतात, एक वादग्रस्त सीमाभागातला असल्याचा आणि एक मातृभाषा मराठी असल्याचा. उन्हाळ्यात त्यासाठी किती हेलपाटे घातले ते मला ठाऊक. दुसरा दाखला हातात पडला तेव्हा शाळेच्या ऑफिसबाहेरच त्यानं तो दोनदा वाचला होता. मराठी असल्याचा शिक्का घेऊन पोरगा आपल्या माणसांत गेला, आणि आपल्याच माणसांनी त्याला कानडी ठरवलं. इथल्या कानडी शेजाऱ्यांनी त्याला असं कधी उभं केलं नाही. शेजारच्या अज्जींच्या मांडीवर तो वाढलाय, त्यांच्याशी तो कानडीतच बोलतो. त्या शब्दाची शिवी होऊ शकते, हे त्याला तिकडं गेल्यावर कळलं.

ऋषिपंचमी, रात्री

जेवताना हिला सांगितलं. शिव्यांचं सोडून. तिनं ताटावरचा हात तसाच ठेवला, ऋषीची भाजी तशीच राहिली. ‘अहो, परत पाठवायचाच नाही त्याला,’ म्हणाली.

मेव्हणा म्हणाला, ‘भावोजी, आमच्या वेळी बी हुतं हे. महिनाभर चालतंय, मग तेच सिनियर नोट्स देतात. त्यानं पोरं घट्ट होतात.’

हे ऐकून मी गप्प बसलो, आणि गप्प बसण्याचं कारण इथं लिहून ठेवतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका फाउंड्रीत कामाला होतो. नवा पोरगा आला की साच्यातून नुकताच सुटा केलेला जॉब, म्हणजे ओतीव तुकडा, त्याला ‘उचल रे’ म्हणून सांगायचं, ही तिथली रीत. बाहेरून काळा दिसतो, पण आत धग असते. खेड्यावरचा एक पोरगा आला होता, त्याला ते सांगणारा मी होतो. त्याच्या चारी बोटांना फोड आले. आम्ही सगळे हसलो, तोही आमच्यासारखंच हसला. तिसऱ्या दिवसापासून तो आला नाही. त्याचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. तो घट्ट झाला असेल, असं आज कुणी माझ्या तोंडावर म्हणावं.

गौरीपूजनाचा दिवस

सकाळी कपाटातून प्रवेशाची फाइल काढली. रॅगिंग करणार नाही असं हमीपत्र प्रत्येक विद्यार्थ्यानं आणि त्याच्या पालकानं दरवर्षी द्यायचं असतं. आमचं सायबर कॅफेवाल्यानं भरलं होतं. मी ओटीपी सांगितला आणि पैसे दिले, वाचलं काहीच नाही. आज दोघं पलंगावर बसून वाचायला लागलो. इंग्रजी त्यानं वाचायचं आणि मला सांगायचं.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे हे नियम 2009 चे आहेत. त्याच वर्षी मार्चमध्ये हिमाचलात टांड्याच्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सिनियरांच्या मारहाणीनंतर गेला. त्याच्या वडिलांनी पुढं कितीतरी वर्षं या कामाला वाहून घेतलं. व्याख्या लांबलचक आहे. एरवी जे विद्यार्थी करणार नाही, असं काही त्याला करायला लावून त्याला लाज वाटेल, त्रास होईल, तर ते रॅगिंग. मारलंच पाहिजे असं नाही. ‘इंट्रो’ म्हटल्यानं ते सुटत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये गुजरातेत पाटणजवळच्या मेडिकल कॉलेजात इंट्रोच्याच नावाखाली पहिल्या वर्षाच्या पोराला तीन तास उभं ठेवलं होतं. तो कोसळला आणि गेला. अठरा वर्षांचा होता.

मग 2016 ची दुरुस्ती आली. जात, धर्म, रंग, लिंग, प्रदेश, जन्मस्थान अशी यादी वाचत वाचत तो एका शब्दावर थांबला. भाषिक ओळख. भाषेवरून कुणाला मानसिक त्रास देणं हेसुद्धा रॅगिंग. ‘बाबा, हे लिहिलंय की इथं,’ म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ‘की’ ऐकला.

आणखी बरंच आहे त्यात. नव्या मुलांची राहण्याची सोय वेगळी हवी, त्यांचे छोटे गट करून एकेका शिक्षकाकडं द्यायला हवेत, पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नाव न घालता पाहणी करायला हवी. फौजदारी गुन्हा दिसला तर संस्थाप्रमुखानं 24 तासांच्या आत एफआयआर करायचा. सिनियर जे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून नव्यांना छळतात, तेही रॅगिंगच धरावं असं आयोगानं 2025 च्या जुलैत कळवलंय. कॉलेज महाराष्ट्रात असल्यामुळं तिथला 1999 चा कायदाही लागू आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. लेखी तक्रार पालकही देऊ शकतो, आणि प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. त्यानं टाळाटाळ केली तर गुन्ह्याला साथ दिली असं धरतात.

इतके चांगले नियम, आणि पाहणीचा कागद माझ्या पोरानं एकदाही बघितलेला नाही.

दुपारी त्याच्या गटाच्या सरांना फोन केला. सर माणूस म्हणून चांगले वाटले. ‘इंट्रो असते हो, रॅगिंग आमच्याकडं नाही,’ म्हणाले. मी व्याख्येतली ओळ वाचून दाखवली. थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाले, ‘नाव सांगा कुणाची ती.’ तीच तर अडचण. तिसऱ्या बटणावर नजर ठेवून उभ्या असलेल्या पोराला तोंडं दिसतात होय?

हेल्पलाइनचा नंबर हमीपत्राच्या कागदावरच आहे, 1800-180-5522. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि नाव न सांगताही तक्रार देता येते. पण थोरला नको म्हणाला. ‘चार वर्षं तिथंच काढायची आहेत, बाबा.’ मी म्हटलं, नाव देणार नाही. तो म्हणाला, ‘आख्ख्या मजल्यावर बेळगावचा मी एकटा आहे. राज्य कोणतं असं विचारलं म्हणून तक्रार आली, तर ती कुणाची ते कळायला नाव कशाला लागतंय?’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

शेवटी दोघांनी बसून तक्रार ठरवली. रात्री साडेनऊ ते एक, सगळ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना गच्चीवर उभं करतात, मोबाइल काढून घेतात, शर्ट उतरवून व्हिडीओ काढतात. कॉलेजचं नाव, हॉस्टेल, वार. बेळगावचं अक्षर नाही. कायद्यानं आमच्यासाठी जो शब्द घालून ठेवलाय तो आम्हीच आमच्या तक्रारीत लिहू शकलो नाही, याचं मला फार वाईट वाटतंय. म्हणून इथं लिहून ठेवतोय. त्याला शर्ट काढायला लावला नव्हता. त्याला जे झालं ते ‘राज्य कोणतं’ हे झालं, आणि तेच कागदावर नाही.

मीच फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, तक्रारीचा नंबर दिला. तो हिनं कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, गॅसच्या नोंदीशेजारी.

विसर्जनानंतरचा सोमवार

तो परत गेला. हिची इच्छा नव्हती, त्याची होती. ‘सीट सोडली तर त्यांचंच खरं झालं,’ म्हणाला. त्याच्यापुढं मी आग्रह धरला नाही.

परवा त्या सरांचाच फोन आला होता. कॉलेजला वरून विचारणा झाली आहे, गच्चीला कुलूप लावलंय, पहिल्या वर्षाची मुलं खालच्या मजल्यावर हलवताहेत, वॉर्डन रात्री फिरतात. व्हिडीओंचं काय, विचारलं. ‘डिलीट करायला लावलेत,’ म्हणाले. ते खरंच गेले की कुणाच्या मोबाइलात राहिले, कोण बघणार? मी प्राचार्यांना लेखी अर्जही पाठवणार आहे, पोच घेऊन, सात दिवसांची मुदत लिहून. चुकून त्यातनं थोरला ओळखला जाऊ नये म्हणून चार वेळा खाडाखोड केली.

निघताना आज्जीनं त्याच्या पिशवीत कुंद्याचा डबा घातला. ‘सिनियर पोरांस्नी बी दे,’ म्हणाली. तिला यातलं काहीच सांगितलेलं नाही.

आता रोज रात्री साडेनऊला फोन करायचा असं ठरवलंय. त्याच वेळेला. आज केला. मागं ताटांचा आवाज येत होता, पोरं मोठमोठ्यानं बोलत होती.

‘काय करालैस?’ मी विचारलं.

क्षणभर थांबला.

‘जेवतोय,’ म्हणाला.