जोडपत्र ३ मधील माहिती असत्य आहे

आठ तासिकांची परवानगी मिळवायला मला साडेतीन महिने लागले. आठ तासिका! ज्या अफवेवर मी पहिला तास बेतला होता, ती तोवर लोक विसरूनही गेले होते. हे लिहिताना माझा राग शांत झालाय असं कुणी समजू नये.

विषय माध्यम साक्षरतेचा. बातमी, जाहिरात, फॉरवर्ड, व्हिडिओ, काहीही समोर आलं की ते कुणी बनवलं, कशासाठी, त्यात कोण दिसतं आणि कोण दिसतच नाही, हे विचारायची सवय आठवीच्या मुलांना लावायची होती. आराखडा दोन संध्याकाळींत झाला. मुख्याध्यापकांनी वाचून लगेच सही केली. मग अर्ज वरच्या कार्यालयात गेला.

त्या अर्जात रकाना ११ आहे : ‘वर्गात दाखवावयाच्या संपूर्ण साहित्याची यादी व प्रती. सादर केलेले साहित्य नंतर बदलता येणार नाही.’ भूमितीसाठी हे चालेल; प्रमेयं काही रातोरात बदलत नाहीत. मला मात्र सकाळी आलेली बातमी दुपारी वर्गात न्यायची होती. तरी पहिल्यांदा मी मुकाट्यानं २२ नमुने छापून, क्रमांक घालून जोडले.

२६ दिवसांनी फाईल परत आली. शेरा होता : ‘जोडपत्र ३ मधील माहिती असत्य आहे. खात्री करून फेरसादर करावे.’

जोडपत्र ३ म्हणजे झाडावर राहणारा ऑक्टोपस. १९९८ साली कुणीतरी गंमत म्हणून एक वेबसाइट केली : अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जंगलात झाडांवर राहणारा ऑक्टोपस, तो नामशेष होतोय, त्याला वाचवा. फोटो, शास्त्रीय नाव, सगळं व्यवस्थित. असा प्राणी नाही. जगभरातले शिक्षक ती वेबसाइट मुलांपुढे ठेवतात, कारण ती इतकी खरी वाटते. आणि माझ्या फाईलवर शेरा काय, तर माहिती असत्य आहे!

मी स्वतः गेले. टेबलावरचे सर म्हणाले, “मॅडम, तुम्हीच म्हणता खोटं आहे. मग मुलांना खोटं दाखवायचं कशाला?”

“ओळखता यावं म्हणून, सर.”

“मग वरती मोठ्या अक्षरांत लिहा ना, ही वेबसाइट खोटी आहे.”

“ते मीच लिहिलं तर मुलं ओळखणार काय?”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पण लिहिलंय मात्र अगदी खऱ्यासारखं हो. मी पहिलं पान वाचलं तेव्हा मला पटलंच होतं.” मी हसले नाही. माझ्या संयमाचा मला आजही अभिमान आहे.

दुसरी त्रुटी आली ती शीर्षकावर. ‘विविधता व समावेशन’ हे शब्द दिसले की प्रस्ताव संवेदनशील विषयांच्या समितीकडे जातो, आणि समितीची बैठक कधी होईल ते कुणालाच ठाऊक नसतं. शब्द काढून टाका, असा सल्ला मला तीन जणांनी दिला. मी आठवडाभर हट्टानं बसून राहिले. शेवटी शीर्षक नुसतं ‘माध्यम साक्षरता’ केलं आणि प्रत्येक तासिकेच्या वर्णनात एक ओळ घातली : ‘यात कोण दिसतं, कोण दिसत नाही, कुणाबद्दल दुसराच कुणी बोलतो.’ मजकुरात शून्य फरक, आणि फाईल पुढे सरकली. ही तडजोड होती की युक्ती, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तिसऱ्या त्रुटीवर मात्र मी भांडले. ‘विशेष गरजा असलेले विद्यार्थी : संख्या’ या रकान्यात मी ३ लिहिलं होतं. उत्तर आलं, नावं आणि प्रमाणपत्रांच्या प्रती जोडा. पाच टेबलांवरून फिरणाऱ्या फाईलमध्ये मुलांची वैद्यकीय प्रमाणपत्रं? मी साफ नाही म्हटलं आणि त्या रकान्यात लिहिलं : ‘सर्व व्हिडिओंना उपशीर्षके, सर्व चित्रांचे लेखी वर्णन, सर्व कृतिपत्रिका मोठ्या अक्षरांत, सर्व विद्यार्थ्यांसाठी.’ सगळ्यांसाठीच असल्यावर नावं लागतात कशाला? ते मान्य झालं. आधीच सुचायला हवं होतं.

रकाना ११ ची गाठ सोडवली ती ऑक्टोपसवाल्या सरांनीच. जाता जाता म्हणाले, “यादी देऊच नका. निकष द्या, आणि प्रत्येक निकषाला एक नमुना.” जोडपत्राचं नाव बदलून ‘साहित्य निवडीचे निकष व नमुने’ केलं. त्याखाली सहा ओळी : मृतदेह किंवा हिंसा नाही, खाजगी माणसांची नावं झाकलेली, एकाच समाजगटावर बोट ठेवणारी उदाहरणं लागोपाठ नाहीत, वगैरे. ११ दिवसांत परवानगी आली. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती, हे मी त्यांना विचारलं नाही. मला शिक्का हवा होता.

कुणी असा अर्ज करणार असेल तर आधार म्हणून माध्यम शिक्षणावरचा १९८२ चा युनेस्कोचा ग्रूनवाल्ड जाहीरनामा आणि संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं कलम १७ जोडा. त्या कलमात मुलांना विविध स्रोतांतून माहिती मिळण्याबद्दल स्पष्ट लिहिलंय. संयुक्त राष्ट्रांनी २४ ते ३१ ऑक्टोबर हा माध्यम व माहिती साक्षरतेचा सप्ताह ठरवला आहे. शाळेच्या वेळापत्रकात जागा मागायला तो बरा पडतो.

प्रत्यक्ष तासांना अडचण आली नाही. अडचण मीच केली. पहिल्या दिवशी म्हटलं, “घरून एकेक फॉरवर्ड घेऊन या.” चार मुलांच्या घरी तसा फोनच नव्हता आणि एकीनं घरातलं भांडण उघडं पाडणारा मेसेज आणला. तेव्हापासून नमुने मीच आणते. दुसरी चूक जास्त लाजिरवाणी आहे. एका बातमीत ज्या समाजाचा उल्लेख होता, त्याच समाजातल्या मुलाकडे वळून मी म्हणाले, “तू सांग, तुमच्यात असंच असतं का?” त्यानं खाली बघितलं. एका मुलाला अख्ख्या समाजाचा प्रवक्ता करायचं नसतं. तास संपल्यावर मी त्याची माफी मागितली. पुढच्या तासाला मी प्रश्न बदलला : या बातमीत त्या लोकांपैकी कुणाचं म्हणणं छापलंय? बातमीवर पेन फिरवून मुलांनी मोजलं. एकाचंही नव्हतं.

मोजणं हा प्रकार फार चालला. २०२० च्या जागतिक माध्यम पाहणीत बातम्यांमध्ये दिसणाऱ्या किंवा बोलणाऱ्या माणसांत स्त्रिया २५ टक्के होत्या. हा आकडा मी आधी सांगितला नाही. मुलांनी आठवड्याची वर्तमानपत्रं मोजली, आपला आकडा फळ्यावर लिहिला, मगच सांगितला. इंटरनेटवरच्या चित्रशोधाचंही तसंच. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात कंपनीप्रमुख या अर्थाचा इंग्रजी शब्द शोधल्यावर आलेल्या चित्रांत स्त्रिया ११ टक्के होत्या, आणि त्या वेळी अमेरिकेत प्रत्यक्षात २७ टक्के. “म्हणजे संगणकसुद्धा ठरवून टाकतो का?” असं एका मुलानं विचारलं. त्यावर उरलेला सगळा तास गेला आणि जाहिरातीचा धडा राहिला. तो सोडू नका. स्टॅनफर्डच्या २०१६ च्या अभ्यासात या वयाच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना प्रायोजित मजकूर, म्हणजे पैसे देऊन बातमीसारखी छापलेली जाहिरात, बातमीच वाटला होता.

हो, उपशीर्षकांचं राहिलंच. यंत्रानं आपोआप दिलेली उपशीर्षकं तशीच वापरू नका, आधी एकदा वाचा. विशेषनामांचा पार विचका होतो. आणि रंगीत स्क्रीनशॉटची काळी-पांढरी झेरॉक्स काढली की फिकट अक्षरं गायब होतात. ज्या मुलीला कमी दिसतं तिच्याच हातात ती प्रत गेली. मग चित्रात काय आहे ते शब्दांत लिहायचं काम मी वर्गालाच दिलं. एकाच फोटोचं एकानं ‘दंगलखोर जमाव’ असं वर्णन केलं आणि दुसरीनं ‘रांगेत उभी माणसं’. ती मुलगी म्हणाली, “दोघांपैकी कुणाचं खरं मानू?” सगळा वर्ग तो फोटो पुन्हा बघायला पुढे आला.

सातव्या तासाला मी तोच परवानगीचा अर्ज मुलांपुढे ठेवला. हा कुणी लिहिला, कुणासाठी, यात कोण दिसत नाही? तेरा वर्षांच्या मुलानं रकाना ११ वाचून विचारलं, “मॅम, पण उद्याची बातमी आज कशी जोडायची?”

या वर्षीचा अर्ज मागच्या सोमवारी दिला. रकाना ११ जसाच्या तसा आहे. आवक क्रमांक मिळालाय, ऑक्टोपसला या वेळी जोडपत्र २ मध्ये टाकलंय, आणि टेबलावर आता नवीन मॅडम आहेत.