पहाटे पावणेचारला केलेली एक फाइल

बरेच महिने झाले या गोष्टीला, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतेय.

मी ऐरोलीत एका बॅक ऑफिसला नाइट शिफ्ट करते. अमेरिकेतल्या कस्टम ब्रोकर्ससाठी, म्हणजे इम्पोर्टरच्या वतीने कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्यांसाठी, आयएसएफ (इम्पोर्टर सिक्युरिटी फायलिंग) भरायचं काम. समुद्रमार्गे अमेरिकेत जाणारा माल परदेशातल्या बंदरात बोटीवर चढायच्या २४ तास आधी तिथल्या कस्टम्सला सगळं कळवावं लागतं, विकणारा कोण, घेणारा कोण, बनवणारा कोण, कुठल्या देशाचा माल, मालाच्या प्रकाराचा सहा आकडी कोड काय. दहा गोष्टी इम्पोर्टरने द्यायच्या आणि दोन शिपिंग लाइनने, म्हणून सगळे याला टेन प्लस टू म्हणतात. कंटेनर कुठे भरला आणि कोणी भरला, या दोन गोष्टींना बोट पोचायच्या २४ तास आधीपर्यंत सवड असते, बाकीच्यांना नाही. २००९ च्या जानेवारीत हा नियम आला. चुकलं की एका फायलिंगला ५,००० डॉलरचा दंड बसू शकतो.

लोकांना वाटतं ही डेटा एंट्री आहे. घरच्यांनाही तसंच वाटतं. पण हाउस बिलच्या, म्हणजे त्या मालाच्या वाहतुकीच्या पावतीच्या, नंबरात शून्याच्या जागी ओ टाइप झाला ना, की फायलिंग अ‍ॅक्सेप्ट होतं आणि कस्टम्सकडच्या बिलाशी ते मॅच मात्र कधीच होत नाही, आणि हे आपण दुसऱ्या रात्री परत उघडून बघितलं तरच कळतं. मी बघते. रोज बघते. आमच्याकडे अर्धे लोक हिरवं अ‍ॅक्सेप्टेड दिसलं की पुढची फाइल उघडतात, आणि महिन्याच्या शेवटी त्यांचा काउंट माझ्यापेक्षा जास्त असतो.

तर शुक्रवारची रात्र होती. न्यू जर्सीच्या एका लहान इम्पोर्टरचा चाळीस फुटी कंटेनर, लाकडी बेडरूम फर्निचर, कोड ९४०३.५०, व्हिएतनामच्या काय मेप बंदरातून. लोडिंग रविवारी तिथल्या सकाळी सहाला, म्हणजे आमची डेडलाइन आपल्याकडची शनिवार पहाट साडेचार. कागद आले रात्री अकराला. विक्रेता म्हणून हो ची मिन्ह सिटीतली एक ट्रेडिंग कंपनी आणि मॅन्युफॅक्चरर म्हणूनही तीच, पत्ता एका ऑफिस बिल्डिंगचा पाचवा मजला. पाचव्या मजल्यावर डबल बेड कोण बनवतं?

व्हिएतनाममध्ये तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली, कोणाला विचारणार. आमचे टीम लीड म्हणाले, मॅडम, क्लायंटने लेखी दिलंय, तेच टाका, नंतर अमेंड करू. नियमात तशी सोय आहे हे खरं, बनवणाऱ्याची माहिती त्या वेळी जेवढी हाताशी असेल तेवढी देऊन मागाहून सुधारता येते. पण चार वर्षांत हे "नंतर" मी फार कमी वेळा आलेलं बघितलंय. मी ब्रोकरकडे फोन लावला, त्यांनी इम्पोर्टरच्या परचेसवाल्या बाईंना लाइनवर घेतलं. त्या आधी वैतागल्या, मग मी दंडाचा आकडा सांगितल्यावर गप्प झाल्या, आणि त्यांनी खरंच व्हिएतनाममधल्या त्यांच्या एजंटला तिथल्या पहाटे साडेतीनला झोपेतून उठवलं. आपल्याकडच्या अडीचच्या सुमाराला फॅक्टरीचं नाव आलं, बिन्ह डुओंगमधली, पूर्ण पत्त्यासकट. मला इतकं बरं वाटलं.

मग कंटेनर नंबर ताडून बघायला मी कंटेनर भरतानाचे फोटो उघडले. नंबर बरोबर होता, सीलही. पण दरवाजाजवळच्या रांगेत दोन कार्टन होते ज्यांच्यावर मेड इन व्हिएतनाम स्टिकर लावलेलं, पांढरं, नीट सरळ चिकटवलेलं. बाकी सगळ्या कार्टनवर तेच शब्द थेट पुठ्ठ्यावर छापलेले होते. आणि एका स्टिकरच्या खालच्या कडेला काळ्या अक्षरांची ओळ दिसत होती, अक्षरांचा फक्त खालचा भाग. मी झूम केलं, अजून केलं, चौकोन चौकोन दिसायला लागले तोपर्यंत केलं. काय अक्षरं होती ते कळलंच नाही.

चीनमधून येणाऱ्या लाकडी बेडरूम फर्निचरवर अमेरिकेने २००५ पासून अँटी-डंपिंग ड्यूटी, म्हणजे फार स्वस्तात विकल्या जाणाऱ्या परदेशी मालावरचा जादा कर, लावलीय, आणि चीनचा माल तिसऱ्या देशाच्या नावाने पाठवायचे प्रकार होतात हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. तसंच होतं असं मी म्हणत नाही. जुनी खोकी वापरली असतील, छपाई चुकली असेल, आत नुसते हँडल आणि बिजागऱ्या असतील. लीडना दाखवलं तर म्हणाले आपण फायलर आहोत, इन्स्पेक्टर नाही. मी फोटोवर गोल करून ब्रोकरला मेल टाकला, कंट्री ऑफ ओरिजिन कन्फर्म करा म्हणून. दहा मिनिटांत उत्तर आलं, व्हिएतनाम, प्लीज प्रोसीड. स्टिकरबद्दल एक अक्षर नाही.

पावणेचारला मी फाइल केलं. देशाच्या जागी व्हीएन, म्हणजे व्हिएतनाम. दोन-तीन मिनिटांत अ‍ॅक्सेप्टेड. त्या सिस्टिमला मी तिथे दुसरा कुठलाही देश टाकला असता तरी अ‍ॅक्सेप्टेडच आलं असतं, कोड दोन अक्षरी बरोबर असला की झालं.

महिन्याभराने तो कंटेनर नेवार्क बंदरात एक्झामसाठी, म्हणजे कस्टम्सच्या तपासणीसाठी, होल्डला लागला. इम्पोर्टरला एक्झामचा खर्च आणि वर डेमरेज, म्हणजे कंटेनर बंदरात अडकून राहिल्याचं भाडं, आणि ब्रोकरकडून आम्हाला तक्रारीचा मेल, की तुमच्या फायलिंगमध्ये काय चुकलं. मी सगळं परत काढून दाखवलं, वेळ, पत्ता, बिल मॅच, काहीच चुकलेलं नव्हतं. आठव्या दिवशी माल सुटला. एक्झाममध्ये काय बघितलं, ती दोन कार्टन उघडली का, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, तशी पद्धतच नाही. फाइल क्लोज झाली.

त्या बाईंचा विचार येतो मधूनमधून. बहुतेक त्यांनाही माहीत नसेल. फोनवर शेवटी त्या मला थँक्यू म्हणाल्या होत्या, पत्ता नीट लावून घेतल्याबद्दल, आणि तोपर्यंत मी फोटो उघडलेच नव्हते.